‘समोरचा कॅमेरा उपलब्ध नाही’ हा मेसेज पुन्हा पुन्हा येतो? आधी वेळ बघा, मग काच

गाडी काढली, धुळ्याहून निघून पारोळ्यापर्यंत आलात आणि मीटरमध्ये पिवळा दिवा लागला: समोरच्या कॅमेऱ्याला अडथळा, चालक सहाय्य बंद. (चालक सहाय्य, म्हणजे अडास, ही गाडीला लेनमध्ये ठेवणारी आणि गरज पडल्यास ब्रेक लावणारी यंत्रणा, आणि हा कॅमेरा तिचा डोळा.) गाडी थांबवून काच पुसली, मेसेज गेला. दोन दिवसांनी परत तेच. सर्व्हिस सेंटरला नेली तर तिथे दिवा लागतच नाही. स्कॅनरवर बिघाडाचा जुना कोड दिसतो, तो पुसून गाडी हातात देतात. आठवडा उलटत नाही तोच पुन्हा दिवा.

अशा तक्रारीत कॅमेरा स्वतः खराब असण्याची शक्यता सगळ्यात शेवटी धरायची. आधी संशय घ्यायचा तो काचेवर, उन्हावर आणि काच बदलताना अर्धवट राहिलेल्या कामावर. खान्देशातलं ऊन, धूळ आणि बोअरचं पाणी हे तिन्ही या कॅमेऱ्याला त्रास देणारे आहेत. म्हणून कॅमेरा बदलायला होकार देण्याआधी मेसेज नेमका केव्हा येतो ते शोधा. निम्मं निदान तिथेच होतं.

मोबाइलमध्ये किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत पंधरा दिवस नोंद ठेवा. मेसेज आला ती वेळ, गाडी कोणत्या दिशेला चालली होती, बाहेरचं तापमान, त्याआधी गाडी उन्हात किती वेळ उभी होती, वायपर चालू होते का आणि मेसेज किती मिनिटांनी गेला, एवढं पुरे. मेसेजचा शब्दन् शब्द महत्त्वाचा असतो. ‘काच साफ करा’, ‘कॅमेऱ्याचं तापमान जास्त’ आणि ‘प्रणाली तपासा’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारी बसलेल्याला मीटरचा फोटो काढायला सांगा. सर्व्हिस सेंटरला ‘दिवा लागतो’ असं सांगण्यापेक्षा हा फोटो आणि ही नोंद दहापट कामाची.

गाडीत काय बसवलंय हेही माहीत हवं. होंडा सिटी, एलिव्हेट यांत समोरचं सगळं काम एकटा कॅमेरा करतो. एक्सयूव्ही ७००, हॅरिअर, सेल्टॉस यांत कॅमेऱ्याच्या जोडीला पुढे रडारही असतं. कॅमेरा बसतो आतल्या आरशाच्या मागे, काचेला लागून. तिथे काचेवर काळ्या ठिपक्यांची पट्टी असते आणि तिच्यात जेमतेम तळहाताएवढी मोकळी खिडकी. तुम्हाला रस्ता बघायला अख्खी काच आहे, कॅमेऱ्याला तेवढीच खिडकी. तुमच्या नजरेला काच स्वच्छ दिसत असली तरी ती खिडकी स्वच्छ असेलच असं नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

दुपारी, उन्हात उभी केलेली गाडी काढल्यावर मेसेज येतो

हा उन्हाचा मेसेज आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद गाडीत काचेखालच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या वर तापणं नवलाचं नाही. कॅमेरा त्याच काचेला लागून, काळ्या प्लॅस्टिकच्या कव्हरात बसलेला, आणि आतला प्रोसेसरही चालू झाला की आपली उष्णता सोडतो. ठरावीक तापमानाच्या वर गेला की तो स्वतःला जपण्यासाठी काम थांबवतो. थंड झाला की आपोआप चालू होतो. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, टाळण्यासारखं बरंच आहे.

गाडी दुपारभर उभी राहणार असेल तर तोंड पूर्वेला ठेवा, म्हणजे कलतं ऊन समोरच्या काचेवर येत नाही. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात खान्देशात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचे दिवस ते. तेव्हा तिरप्या काचेवर ऊन पडणारच, तोंड कुठेही करा. त्या दिवसांत लिंबाच्या सावलीला किंवा पत्र्याच्या शेडला पर्याय नाही.

चंदेरी सनशेड लावत असाल तर एक काळजी घ्या. तो कॅमेऱ्याच्या कव्हरावर दाबून बसवू नका. कव्हर झाकलं गेलं की उष्णता तिथेच कोंडते आणि कॅमेरा उलट जास्त तापतो. सनशेडला आरशाजवळ खाच नसेल तर कात्रीने कापून घ्या, कव्हराभोवती दोन-तीन बोटं जागा मोकळी राहू द्या.

गाडी काढताना चारही दारं दोन मिनिटं उघडी ठेवा. मग एसी लावून हवा समोरच्या काचेकडे वळवा, म्हणजे धुकं घालवायला जे बटण वापरतो ते दाबा आणि तापमान सगळ्यात थंडवर ठेवा. पाच-दहा मिनिटांत कॅमेऱ्याभोवतीची काच निवते. तापलेल्या काचेवर गार पाण्याची बाटली मात्र ओतू नका. खडीच्या डंपरमागून जाताना काचेला बारीक टवका उडालेला असेल तर तिथून तडा सरकत जातो आणि हजारोंचा खर्च उभा राहतो.

अर्धा तास एसीत गाडी चालवल्यावरही मेसेज जात नसेल किंवा तो डिसेंबरातही येत असेल, तर उन्हाला दोष देऊ नका. पुढे वाचा.

सकाळी आणि संध्याकाळी, सूर्य समोर असताना येतो

धुळे-जळगाव-भुसावळ हा राष्ट्रीय महामार्ग ५३, जुना ६, जवळपास सरळ पूर्व-पश्चिम जातो. धुळ्यात राहून जळगावला नोकरीला जाणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळी फागण्यापासून ऊन असतं आणि संध्याकाळी परतताना एरंडोलपासून पुन्हा समोर ऊन. दिवसाचे दोन्ही फेरे सूर्याकडे तोंड करून. जळगावात राहून धुळ्याला जाणाऱ्याला हे ऊन दोन्ही वेळा पाठीवर मिळतं, त्याच मॉडेलच्या गाडीत त्याला मेसेज दिसणारही नाही. दोघांनी गाड्यांची तुलना केली तर एकाची गाडी ‘खराब’ ठरते, आणि ती तशी नसते.

सूर्य क्षितिजाजवळ आला की कॅमेऱ्याचं चित्र पांढरं पडतं, रस्त्यावरच्या रेषा आणि पुढच्या गाडीची कड त्याला सापडत नाही. दोन-चार मिनिटांपुरता मेसेज आला आणि रस्ता वळताच गेला, तर ते स्वाभाविक धरा. पण सूर्य चांगला हातभर वर असतानाही मेसेज येत असेल तर काचेवर थर आहे. थर नसलेल्या काचेतून ऊन सरळ येतं. थर असला की ते विखुरतं आणि अख्खी खिडकी दुधाळ होते.

हा थर बाहेरून सहज दिसत नाही, कारण तो आतून असतो. डॅशबोर्ड, सीट, छताचं अस्तर यांतलं प्लॅस्टिक आणि चिकट पदार्थ तापले की त्यांतून वाफ सुटते आणि ती काचेवर बसते. नवीन गाडीच्या पहिल्या उन्हाळ्यात हे सगळ्यात जास्त. त्यात वॉशिंग सेंटरवाला डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारून देतो. त्या पॉलिशचीही वाफ होते, शिवाय चकाकणाऱ्या डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडून कॅमेऱ्यासमोर येतं. गाडी धुवायला देताना ‘डॅशबोर्डला पॉलिश नको, ओल्या कापडाने पुसा’ एवढं सांगायची सवय लावा. काचेखाली ठेवलेली पांढरी पावती, आरशासारखी चमकणारी मूर्ती किंवा स्टीलची फ्रेम यांचंही प्रतिबिंब पडतं. मूर्ती ठेवायची तर मॅट रंगाची आणि कॅमेऱ्याच्या सरळ रेषेत नको.

थर आहे की नाही हे रात्री कळतं. अंधारात गाडी उभी करा, कॅमेऱ्याच्या शक्य तितक्या जवळच्या काचेतून रस्त्यावरच्या एखाद्या दिव्याकडे बघा. दिव्याभोवती धुरकट वलय दिसलं आणि बाहेरून काच पुसूनही ते तसंच राहिलं, तर थर आतून आहे. आता मोबाइलचा टॉर्च बाहेरून, कव्हरासमोरच्या त्या छोट्या खिडकीवर अगदी तिरपा धरा. काचेवर निळसर-राखाडी साय धरल्यासारखी दिसते, कडेला जाड आणि मध्ये पातळ. कधी त्यात कुणाच्या तरी बोटाचा ठसाही स्पष्ट उमटलेला असतो.

बाकीची आतली काच घरी पुसता येते. दोन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं घ्या. एकावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बॅटरीचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर सम प्रमाणात मिसळून शिंपडा आणि पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने ओढून घ्या. फवारा कापडावर मारायचा, काचेवर नाही. काचेवर मारलेला थेंब ओघळून कव्हरात शिरतो.

कव्हराच्या आतला भाग मात्र स्वतः उघडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. काही गाड्यांत नुसतं वरचं कव्हर निघतं, काहींत त्याच्याबरोबर कॅमेरा धरून ठेवणारा ब्रॅकेट हलतो, आणि ब्रॅकेट केसभर हलला तरी पुढचा हिशेब चुकतो. लेन्सला कापड लागलं तर वेगळंच. हे काम सर्व्हिस सेंटरचं आहे, पण तिथे ‘काच साफ करा’ म्हटलं की दिसते तेवढी काच पुसून देतात. म्हणून जॉब कार्डावर स्पष्ट लिहून घ्या: ‘कॅमेऱ्याच्या कव्हराच्या आतली काच साफ करावी, लेन्सला हात लावू नये.’ काम झाल्यावर टॉर्च धरून तिथेच तपासा.

पावसात, गाडी धुतल्यावर किंवा रात्रीच्या प्रवासात येतो

आता बाहेरची बाजू. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुवून उन्हातच वाळू दिली की प्रत्येक थेंबाच्या जागी क्षाराचं पांढरं कडं राहतं. वायपर त्यावरून फिरून ते जात नाही. एक भाग पांढरा व्हिनेगर आणि एक भाग पाणी असं मिश्रण कापडावर घेऊन त्या खिडकीवर तीन-चार मिनिटं चिकटवून ठेवा, वाळू देऊ नका, मग चोळून भरपूर पाण्याने धुवा. हे सावलीत, काच थंड असताना करा. कडं फार जुनं असेल तर काचेच्या पॉलिशची गरज पडते. घासणी, ब्लेड किंवा भांड्याची पावडर वापरली तर ओरखडे कायमचे राहतात, आणि ओरखड्यांवरून ऊन विखुरतंच.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी महामार्गावर किडे एवढे आपटतात की तास-दीड तासात काच भरते. वाळलेला किडा कोरड्या वायपरने घासला की तो पसरतो. ओलं कापड पाच मिनिटं ठेवून मऊ करा, मग पुसा.

वायपरचं रबर आपल्याकडच्या उन्हात लवकर कडक होतं. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर म्हणजे मेअखेर बदला. तपासायचं असं: वॉशरचं पाणी मारून वायपर एकदाच फिरवा आणि गाडीबाहेर येऊन फक्त कॅमेऱ्याची खिडकी बघा. तिथे पाण्याची रेघ राहत असेल तर बाकी काच कितीही कोरडी असली तरी ब्लेड गेलेलं आहे. ही जागा वायपरच्या झाडण्याच्या वरच्या टोकाला येते, पाती तिथेच आधी उचलतात. नवीन पातं घेताना लांबी मूळ पात्याएवढीच घ्या. इंचभर आखूड पातं स्वस्तात मिळतं, पण त्या खिडकीपर्यंत पोचत नाही.

वॉशरच्या टाकीत बोअरचं पाणी आणि भांड्याचा साबण घालणं थांबवा. क्षाराने नोझल बुजतं, साबणाचे पट्टे काचेवर राहतात. आरओचं किंवा बॅटरीचं पाणी आणि वॉशर फ्लुइड, डब्यावर दिलेल्या प्रमाणात. नोझल बुजलं असेल तर बारीक टाचणीने मोकळं करा, आणि धार खिडकीच्या खाली पडते की तिच्यावर ते बघून घ्या.

फास्टॅग आणि डॅशकॅम

फास्टॅग आरशाच्या मागे, काचेच्या मध्यभागी चिकटवायची पद्धत आहे आणि कॅमेराही तिथेच असतो. घाईत लावणारा माणूस कव्हराच्या खिडकीच्या कडेवर तो चिकटवून मोकळा होतो. खिडकीचा कोपरा जरी झाकला तरी मेसेज येतो, कधी मेसेज न येता नुसतीच रेषांची ओळख बिघडते. काढून बाजूला लावू म्हणाल तर ते जमत नाही, काढताना टॅग फाटतो आणि मग देणाऱ्या बँकेकडून नवीन घ्यावा लागतो. म्हणून नवीन गाडी घेताना जागा स्वतः दाखवा: ठिपक्यांच्या पट्टीपासून खाली किंवा बाजूला, खिडकीला कुठेही न शिवता. डॅशकॅमही तसाच लांब लावा आणि त्याची वायर कव्हराच्या कडेने ओढू नका.

समोरच्या काचेवर फिल्म किंवा वरची रंगीत पट्टी बाहेरून लावून घेतली असेल तर तीही तपासा. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश यायला हवा. कॅमेऱ्याच्या खिडकीवर तर कसलीच फिल्म नको.

काच बदलल्यापासून त्रास आहे

इथे थांबून नीट विचार करा, कारण बाकीच्या कारणांत कॅमेरा बंद पडतो आणि तसं सांगतो. इथे तो चालू राहून चुकीचं बघू शकतो.

काच बदलली की कॅमेरा नव्या ब्रॅकेटवर बसतो. त्याची दिशा एका अंशाने जरी सरकली तर १०० मीटर पुढच्या वस्तूची जागा सुमारे पावणेदोन मीटरने चुकते. महामार्गाची एक लेन साडेतीन मीटरची. म्हणजे अर्धी लेन. शेजारच्या लेनमधला ट्रक तुमच्याच समोर आहे असं समजून गाडी मोकळ्या रस्त्यावर अचानक ब्रेक लावू शकते, किंवा खरोखर समोर असलेला ट्रक बाजूचा समजू शकते. म्हणून काच बदलणं आणि कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवून देणं, ही एकाच कामाची दोन अंगं आहेत.

कॅलिब्रेशन दोन तऱ्हेचं असतं. एकात सपाट जमिनीवर, गाडीपासून कंपनीने दिलेल्या अंतरावर खुणांचा बोर्ड उभा करून स्कॅनरने कॅमेऱ्याला दिशा दाखवतात. दुसऱ्यात स्कॅनर जोडून गाडी ठरावीक वेगाने, स्पष्ट रेषा असलेल्या रस्त्यावर चालवतात. काही गाड्यांना एक पुरतं, काहींना दोन्ही लागतात. पहिल्यासाठी टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवी, डिकी रिकामी हवी, व्हील अलाइनमेंट आधी झालेलं हवं आणि बोर्डवर कलतं ऊन पडता कामा नये. दुसरं पावसात किंवा सूर्य समोर असताना करू नये.

काच काढायच्या आधीच विचारा: तुमच्याकडे या मॉडेलचा बोर्ड आणि स्कॅनर आहे का, की गाडी नाशिकला किंवा संभाजीनगरला पाठवावी लागेल? विम्यातून काम असेल तर कॅलिब्रेशनचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच लिहून घ्या. नवी काच त्याच मॉडेलच्या कॅमेऱ्यासाठीची, ब्रॅकेटसह हवी. बिनकॅमेऱ्याच्या मॉडेलची काच फ्रेममध्ये बसते म्हणून चालते असं नाही. टवका कॅमेऱ्याच्या खिडकीतच उडाला असेल तर तो भरून घेऊ नका. भरलेल्या जागी प्रकाश वाकतो, तिथे काचच बदलावी लागते.

टायरचा साइज बदलला, सस्पेन्शन उंच केलं किंवा पुढे मोठी धडक दुरुस्त झाली, तरीही कॅलिब्रेशन तपासून घ्या.

एबीएस, ईएससी आणि अडासचे दिवे एकदम लागतात

ब्रेक लॉक होऊ न देणारं एबीएस, गाडी घसरू न देणारं ईएससी आणि अडास यांचे दिवे एकत्र लागले तर काचेकडे बघूच नका, आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. उन्हाने बॅटरी लवकर संपते आणि स्टार्टरच्या वेळी व्होल्ट खाली गेले की सगळे कंट्रोलर एकदम तक्रार करतात. बॅटरी ठीक असेल तर चाकांच्या स्पीड सेन्सरच्या वायरी बघा. शेतावर, केळीच्या बागेजवळ किंवा गोठ्यात गाडी उभी राहत असेल तर बोनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही.

मेसेजमध्ये ‘रडार’ शब्द असेल तर पुढच्या बंपरवरचा किंवा लोगोमागचा चिखल धुवा आणि बाहेरून बसवलेला क्रॅश गार्ड काढा. तो रडारच्या वाटेतच येतो.

मेसेज नाही, पण गाडी रेषा धरत नाही

याला बिघाड समजून सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या मारू नका. बऱ्याच गाड्यांत लेन सहाय्य ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या खाली चालूच होत नाही, आणि इंडिकेटर दिला की ते बाजूला होतं. कन्नड घाटासारख्या आखूड वळणांवर ते सोडून देणारच. पुसट पट्टे किंवा डांबराने भरलेल्या तड्यांच्या चमकत्या रेघा दिसल्या की त्याचा गोंधळ होतो. काम चालू असलेल्या भागात, जुने आणि नवे पट्टे एकावर एक असतील तिथे ते बटणाने बंदच ठेवा.

आणि सगळं ठणठणीत असतानाही रात्री एका गोष्टीवर भरवसा ठेवू नका. शहाद्याकडे ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, उसाची टोकं बाहेर आलेली. कॅमेरा गाडी ओळखतो ती तिच्या मागच्या आकारावरून आणि दिव्यांवरून, आणि इथे दोन्ही हरवलेलं असतं. अंधारात त्या वाटेने जाताना वेग तुमच्या हेडलाइटच्या टप्प्यात ठेवा, पाय ब्रेकजवळ. क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी यंत्रणा, चालू असताना कॅमेऱ्याचा मेसेज आला तर क्रूझ सुटू शकतं आणि गाडी आपसूक मंदावते, तेव्हा मागच्या गाडीकडेही आरशात लक्ष असू द्या.

इतकं सगळं करूनही मेसेज येत राहिला तर सर्व्हिस सेंटरला नोंद आणि फोटो घेऊन जा. बाजारातला स्वस्त ओबीडी रीडर, म्हणजे गाडीचे कोड वाचणारं छोटं यंत्र, बहुधा पी ने सुरू होणारे इंजिनचे कोडच दाखवतो. कॅमेऱ्याचे सी आणि यू ने सुरू होणारे कोड वाचायला कंपनीचा स्कॅनर लागतो. कोड पुसण्याआधी त्याची छापील प्रत मागा: कोड कायमचा आहे की अधूनमधून येणारा आणि किती किलोमीटरवर नोंदला गेला. कोड कनेक्टरचा असेल तर आधी कनेक्टर काढून, पिना बघून, पुन्हा बसवायला सांगा. तेही करून तोच कोड पुन्हा आला, तर कॅमेरा बदलायची वेळ आली. नवीन कॅमेऱ्यालाही कॅलिब्रेशन लागतंच, त्याचा अहवाल बिलाबरोबर घ्या.